थांबवले कुठे, त्यावरून कळते थांबवले का

प्रश्न थोडक्यात असा आहे. तासगाव तालुक्यातील एक द्राक्षबागायतदार, वय सत्तरीच्या आसपास, पत्नीसह अमेरिकेत मुलाकडे गेले. मुंबई विमानतळावर सुरक्षा तपासणीच्या वेळी त्यांच्या हातातील बॅग बाजूला काढून उघडली गेली. विमानात चढण्यापूर्वी दाराशी त्यांच्या तळहातांवरून एक पट्टी फिरवून ती यंत्रात घातली गेली आणि त्यानंतर सगळे सामान पुन्हा बाहेर काढून पाहिले गेले. परतीच्या वेळी तर बोर्डिंग पासवर ‘एस’ हे अक्षर चार वेळा छापलेलेच होते. पत्नीला मात्र संपूर्ण प्रवासात कोणीही वेगळे काढले नाही. त्यांच्या मुलीने विचारले आहे, की ज्या माणसाने आयुष्यात पोलीस ठाण्याची पायरी चढली नाही त्यालाच तीन-तीनदा का निवडले, नाव एखाद्या यादीत गेले आहे का, आणि पुढच्या खेपेला हे टाळता येईल का.

या तीन प्रसंगांचा एकमेकांशी संबंध नाही, हे आधीच स्पष्ट करतो. पहिल्या ठिकाणी थांबवणारे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे कर्मचारी होते, दुसऱ्या ठिकाणी विमान कंपनीच्या सुरक्षा विभागाचे, आणि तिसऱ्या प्रसंगातील निर्णय अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा प्रशासनाच्या संगणकाने आपले वडील विमानतळावर पोहोचण्याआधीच घेतलेला होता. मी विमानतळ सुरक्षेच्या कामात नोकरी काढून आता साताऱ्यात स्थायिक झालो आहे, आणि सातारा-सांगलीकडची मंडळी मुलाबाळांकडे परदेशी निघाली की सामानाविषयी विचारायला येतात. मागच्या प्रवासातील तक्रार कोणी सांगू लागले, की मी पहिला प्रश्न हाच करतो की आपल्याला नेमके कुठे थांबवले. जागा कळली की कारण बहुतेक वेळा सापडते, आणि उपायही त्या जागेप्रमाणे बदलतो. सगळे प्रसंग एकत्र करून ‘माझ्यावर संशय घेतला’ असे एकच उत्तर काढले, तर मनस्ताप वाढतो आणि हाती काही लागत नाही.

बॅगेपासून सुरुवात करू. आपण लिहिले आहे की त्या बॅगेत साताऱ्याच्या कंदी पेढ्यांचे दोन खोके, घरच्या हळदीचा किलोभराचा पुडा, मोबाईलचे चार्जर आणि पॉवर बँक होती. ही यादी वाचल्यावर ती बॅग उघडली गेली नसती तर मला आश्चर्य वाटले असते. तपासणीचे क्ष-किरण यंत्र दोन वेगवेगळ्या ऊर्जांचे किरण वापरून वस्तू कोणत्या प्रकारच्या मूलद्रव्यांची आहे याचा अंदाज बांधते आणि त्याप्रमाणे पडद्यावर रंग भरते. कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन, ऑक्सिजन अशा हलक्या मूलद्रव्यांच्या वस्तू नारिंगी दिसतात, धातू निळे दिसतात आणि या दोहोंच्या मधल्या वस्तू हिरव्या. अडचण अशी आहे की आपले बहुतेक अन्नपदार्थ आणि बहुतेक स्फोटके दोन्हीही याच हलक्या मूलद्रव्यांची असतात. खवा आटवून, भाजून घट्ट वळलेले पेढे खोक्यात दाबून भरले, की पडद्यावर जाड, एकसंध, नारिंगी ठोकळा उमटतो. गुळाच्या ढेपेचेही तेच होते. त्या ठोकळ्याशेजारी पॉवर बँकेची बॅटरी आणि चार्जरच्या वायरी दिसल्या, म्हणजे प्रशिक्षणात ज्या चित्राकडे बोट दाखवून ‘हे दिसले की बॅग उघडायची’ असे शिकवलेले असते, ते चित्र जसेच्या तसे समोर येते. पडद्यामागे बसलेल्या माणसाला त्या बॅगेचा मालक कोण, कुठल्या गावचा, कसा, यातले काही ठाऊक नसते. तो फक्त पट्ट्यावरून सरकणारी चित्रे पाहत असतो आणि एका चित्रावर निर्णय घ्यायला त्याला मोजके सेकंद मिळतात. आईंना कोणी थांबवले नाही याचे उत्तरही यातच आहे. पेढे वडिलांच्या बॅगेत होते.

उपाय सोपा आहे. खाण्याचे घट्ट पदार्थ शक्यतो चेक-इन सामानात द्यावेत. हातातच न्यायचे असतील, तर एका थरात पसरून भरावेत आणि तपासणीच्या वेळी लॅपटॉपप्रमाणे स्वतःहून बाहेर काढून वेगळ्या ट्रेमध्ये ठेवावेत, म्हणजे वायरी आणि पदार्थ एका चित्रात येत नाहीत. दुधाचे पदार्थ अमेरिकेत उतरवता येतात की नाही, हे तिथले सीमाशुल्क आणि कृषी खाते ठरवते. त्याचा सुरक्षा तपासणीशी संबंध नाही, पण उतरताना भरायच्या माहितीत ते लपवू नयेत.

हळदीबाबत मात्र स्वतंत्र नियम आहे, आणि सांगलीकडच्या माणसाने तो लक्षात ठेवावा असाच आहे. ३० जून २०१८ पासून परदेशातून अमेरिकेला जाणाऱ्या विमानांत हातातील सामानात ३५० मिलिलीटर किंवा त्याहून अधिक भुकटी असेल, तर तिची जादा तपासणी होते आणि ती कसली आहे याचा उलगडा झाला नाही तर ती आत नेऊ दिली जात नाही. मग ती हळद असो, सत्तूचे पीठ असो की मेतकूट. चेक-इन सामानात तीच भुकटी बिनदिक्कत जाते. लाल तिखट आणि मसाल्यांची गोष्ट वेगळी आहे. ते कोणाच्या डोळ्यांत फेकता येतात, म्हणून भारतातील विमानतळांवर हातातील सामानात त्यांना मुळातच मनाई आहे. आपल्याकडे घरोघरी होणारा कांदा-लसूण मसाला हातातील पिशवीतून नेण्याचा प्रयत्न करणारी आणि मग तो टोपलीत टाकून देताना हळहळणारी मंडळी मी नोकरीत पुष्कळ पाहिली.

चेक-इन सामानाचाही एक प्रकार आहे, ज्यात प्रवाशाचे नाव पुकारून त्याला परत बोलावले जाते आणि लोकांना वाटते की आता काही तरी गंभीर घडले. पट्ट्यावर दिलेली बॅग आतमध्ये टप्प्याटप्प्याने यंत्रांतून जाते. शेवटच्या टप्प्यापर्यंत शंका फिटली नाही, तर ती प्रवाशासमोर उघडावी लागते. शंकेचे कारण बहुधा पॉवर बँक, लायटर किंवा सुके खोबरे असते. सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँका पेट घेऊ शकतात आणि सामानाच्या कप्प्यात लागलेली आग कोणाला दिसत नाही, म्हणून त्या हातातील सामानातच न्यायच्या असतात. मर्यादा १०० वॉट-तासांची आहे. नेहमीची २०,००० मिलिअँपिअर-तासांची पॉवर बँक साधारण ७४ वॉट-तासांची, म्हणजे मर्यादेत बसते. सुक्या खोबऱ्याचे नाव ऐकून लोक हसतात. त्यातील तेलामुळे ते आपोआप तापू शकते, म्हणून हवाई वाहतुकीच्या धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीत त्याची नोंद स्वतःहून पेट घेणाऱ्या पदार्थांत आहे. एरवी नारळ हातातील सामानात चालत नाही. शबरीमला यात्रेकरूंना इरुमुडीतील, म्हणजे डोक्यावरून नेण्याच्या पूजासाहित्याच्या गाठोड्यातील, नारळ न्यायचा असतो, म्हणून नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरोने अलीकडच्या काही हंगामांत ठरावीक मुदतीपुरती सवलत दिली, यावरूनच मूळ नियम किती ठाम आहे ते दिसते.

आता तळहातांकडे वळतो, कारण आपल्या वडिलांच्या बाबतीत खरी गंमत इथे आहे. हातांवरून किंवा बॅगेच्या चेनवरून पट्टी फिरवून ती ज्या यंत्रात घालतात, ते स्फोटकांचे सूक्ष्म अंश ओळखते. पट्टीला लागलेले कण तापवून वाफेत बदलले जातात, त्या वाफेतील रेणूंना विद्युतभार दिला जातो, आणि ते भारित कण विद्युतक्षेत्रातून किती वेळात पुढे सरकतात यावरून पदार्थाची ओळख पटवली जाते. डोळ्यांना न दिसणारा अंशही त्याला पुरतो. नायट्रेट गटातील संयुगे हे त्याचे मुख्य लक्ष्य, कारण अनेक स्फोटकांत ती असतात. परंतु तीच खतांतही असतात. द्राक्षबागेत ठिबकमधून सोडले जाणारे कॅल्शियम नायट्रेट आणि फवारणीतून दिले जाणारे तेरा-शून्य-पंचेचाळीस, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, हे तासगाव, पलूस, मिरज पट्ट्यातील बागायतदाराच्या रोजच्या हाताळणीतले पदार्थ आहेत. प्रवासाच्या दोन दिवस आधीपर्यंत बागेत जाणाऱ्या माणसाच्या नखांच्या कडा, घड्याळाचा पट्टा, चपला आणि गोदामात ठेवलेली बॅग यांवर त्यांचे अंश राहणे अगदी स्वाभाविक आहे. यंत्राने जे शोधायला सांगितले होते ते शोधले. ते बागेतून आले की अन्य कुठून, हे त्याला सांगता येत नाही, आणि म्हणून पुढचे काम माणसाने सामान उघडून करायचे असते.

शेतकऱ्यांखेरीज आणखी काही जणांच्या वाट्याला हे येते. हृदयविकारासाठी जिभेखाली ठेवायच्या गोळ्या नायट्रेट गटातील असतात. हाताला लावायच्या काही मलमांत ग्लिसरीन असते आणि तेही कधीकधी यंत्राला चकवते. दिवाळीत फटाके उडवून दुसऱ्या दिवशी निघालेला माणूसही अडकू शकतो. आपल्या सातारा जिल्ह्यात तर घरटी फौजी असलेली गावे आहेत, अपशिंगे हे गाव ‘मिलिटरी’ या बिरुदानेच ओळखले जाते, आणि अशा घरांतून वडिलांची किंवा भावाची जुनी मजबूत पाठपिशवी प्रवासाला घेऊन निघणे सर्रास चालते. फायरिंग रेंजवर फिरलेली पिशवी बंदुकीच्या दारूचे अंश दीर्घकाळ धरून ठेवते. त्याहून वाईट म्हणजे अस्तराच्या शिवणीत एखादे विसरलेले काडतूस निघते, आणि मग तो विषय जादा तपासणीपुरता राहत नाही. जिवंत काडतूस सापडले की शस्त्र कायद्याखाली पोलिसांकडे प्रकरण जाते, विमान तर चुकतेच. अशा पिशव्या विमान प्रवासाला वापरूच नयेत, हे मी जरा कठोरपणे सांगतो.

वडिलांसाठी एवढेच पुरे आहे, की बागेत कधीही न गेलेली बॅग घ्यावी, बागेतल्या चपला-बूट घालू नयेत, आणि निघण्यापूर्वी साबणाने हात-मनगटे घासून धुवावीत. तरीही यंत्र वाजले तर कर्मचारी विचारतील तेव्हा ‘मी शेतकरी आहे, खत हाताळतो’ हे सरळ सांगावे. इंग्रजी येत नसेल तर मुलाने एका कागदावर दोन ओळी लिहून द्याव्यात. त्यामुळे तपासणी टळणार नाही, पण उघडणाऱ्याला काय शोधायचे ते कळते आणि वेळ वाचतो.

चार ‘एस’चा प्रकार या दोहोंपेक्षा निराळा आहे. ही अमेरिकेची व्यवस्था आहे. अमेरिकेला जाणाऱ्या, तिथून निघणाऱ्या आणि तिच्या अंतर्गत विमानांतील प्रत्येक प्रवाशाचे पूर्ण नाव, जन्मतारीख आणि लिंग विमान कंपनी आधीच कळवते, आणि वाहतूक सुरक्षा प्रशासन ते आपल्या याद्यांशी ताडून पाहते. पूर्वी हे काम विमान कंपन्याच करत असत. २००९-१० च्या सुमारास ते सरकारने आपल्या हाती घेतले. जुळवणीनंतर काहींना सरसकट सोडले जाते, अगदी थोड्यांना विमानातच चढू दिले जात नाही, आणि या दोन टोकांच्या मधल्या काहींच्या बोर्डिंग पासवर ही चार अक्षरे येतात, म्हणजे त्यांची जादा तपासणी करायची असते. त्यातही काही जण नावाच्या साधर्म्यामुळे येतात, काही प्रवासाच्या तपशिलांमुळे आणि काही निव्वळ यदृच्छेने, म्हणजे संगणकाने कोणतेही कारण नसताना उचललेले. एकमार्गी तिकीट, आयत्या वेळी केलेले बुकिंग अशी कारणे लोक सांगतात, परंतु ते प्रशासन आपले निकष जाहीर करत नाही आणि कोण कशामुळे निवडला गेला हे त्या प्रवाशालाही कळवत नाही. ऑनलाइन चेक-इन होत नाही आणि ‘काउंटरवर या’ असा निरोप येतो, ही याची पहिली खूण असते.

एकदा ही अक्षरे आली, म्हणून नाव यादीत आहे असे समजू नये. याबाबतीत आकडेमोड करून पाहणे उपयोगी पडते. उदाहरणादाखल समजा, की दर वीस प्रवाशांत एकाला यदृच्छेने निवडले जाते. मग सलग तीन प्रवासांत तिन्ही वेळा निवडले जाण्याची शक्यता आठ हजारांत एक, म्हणजे नगण्य वाटते. पण वर्षाला तीन वेळा उडणारे दहा लाख प्रवासी असतील, तर त्यांतील सव्वाशे जणांना हा अनुभव येणारच, आणि त्या सव्वाशेपैकी प्रत्येकाला ठाम खात्री वाटणार की आपल्यालाच हेरून काढले. जे कधीच निवडले गेले नाहीत, ते याविषयी बोलत नाहीत.

कोणतेही कारण नसताना निवडायचेच कशाला, हा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे आणि सत्तरीतल्या शेतकऱ्याकडे पाहिले तर तो रास्तही वाटतो. तथापि निवडीचे निकष पूर्णपणे ठरावीक ठेवले, तर एखादी टोळी आपली माणसे आधी निरुपद्रवी प्रवासाला पाठवून कोणाला थांबवले जात नाही ते शोधू शकते, आणि मग नेमक्या त्याच माणसाला कामगिरीवर पाठवू शकते. यदृच्छेने केलेल्या निवडीवर असा प्रयोग चालत नाही. वृद्ध आणि लहान मुले यांना सरसकट वगळले, तर त्यांचे सामान हाच मार्ग होऊन बसतो.

निवड करून पुढे काय करायचे, हा मात्र खरा कळीचा प्रश्न आहे, आणि इथे इतिहास तपासणाऱ्यांच्या बाजूने फारसा बोलत नाही. ११ सप्टेंबर २००१ च्या एकोणीस अपहरणकर्त्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना त्या दिवशीच्या संगणकीय प्रणालीने बरोबर वेगळे काढले होते. त्या वेळच्या नियमाप्रमाणे जादा लक्ष द्यायचे होते ते त्यांच्या चेक-इन सामानाकडे, माणसाकडे नव्हे, आणि ते विमानात चढले. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे ‘कनिष्क’ विमान पाडले गेले आणि ३२९ जीव गेले. तो बॉम्ब असलेली बॅग एका अशा माणसाच्या नावे विमानात गेली होती, जो स्वतः चढलाच नाही, आणि टोरांटोला सामान तपासणारे क्ष-किरण यंत्र त्या दिवशी बंद पडले होते. मालक विमानात नसेल तर त्याची बॅग उतरवण्याचा जो कडक नियम आज आहे आणि ज्यामुळे कधीकधी सगळ्यांना तासभर ताटकळावे लागते, तो या घटनेने शिकवलेला आहे. २४ डिसेंबर १९९९ रोजी काठमांडूहून निघालेल्या विमानाचे अपहरण होऊन कंदाहार प्रकरण झाले, त्यानंतर २००० च्या फेब्रुवारीत जयपूरपासून सुरुवात करून विमानतळांची सुरक्षा राज्य पोलिसांकडून केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे येऊ लागली. विमानाच्या शिडीपाशी होणारी दुसरी तपासणीही अशाच इशाऱ्यांशी जोडलेली असते. २०२५ च्या मे महिन्यात ‘ऑपरेशन सिंदूर’नंतर ती देशभर सर्व प्रवाशांसाठी लावली गेली होती. प्रजासत्ताक दिन किंवा स्वातंत्र्य दिनाच्या आसपास प्रवास करणाऱ्याने शिडीपाशी थांबवले म्हणून मनाला लावून घेऊ नये.

नावांच्या बाबतीत मात्र मी तपासणाऱ्यांची बाजू पूर्णपणे घेणार नाही. २००४ मध्ये अमेरिकेचे सिनेटर एडवर्ड केनेडी यांना यादीतील एका नावाशी साधर्म्य असल्याने अनेकदा अडवले गेले, आणि ते दुरुस्त करून घेताना त्यांच्यासारख्या माणसालाही सायास पडले. आपल्याकडे २००९ मध्ये माजी राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांची दिल्लीत एका अमेरिकी विमान कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी झडती घेतली, वास्तविक माजी राष्ट्रपतींना भारतीय नियमांनुसार अशा तपासणीतून सूट आहे. २०११ मध्ये न्यूयॉर्कला पुन्हा तसाच प्रसंग आला. कलामांनी स्वतः तक्रार केली नाही, हा त्यांचा मोठेपणा होता, त्याने त्या कृतीचे समर्थन होत नाही. मिरजेत सतारी आणि तंबोरे घडवणारी मुस्लिम घराणी आहेत. त्यांच्यातील कोणी वाद्ये घेऊन परदेशी मैफलीसाठी निघाला, तर भोपळ्याचे पोकळ, मोठे, यंत्रात न मावणारे वाद्य आणि अरबी वळणाचे, एकाच उच्चाराची इंग्रजीत चार स्पेलिंगे होणारे नाव, अशा दोन्ही बाजूंनी त्याच्या वाट्याला जादा तपासणी येण्याचा संभव वाढतो. ‘यदृच्छा’ हा शब्द अशा माणसाच्या तोंडावर फेकणे मला प्रामाणिक वाटत नाही. दुरुस्तीचा जो अर्ज मी खाली सांगतो आहे, तो त्याने पहिल्याच खेपेनंतर करून टाकावा.

तो अर्ज असा. अमेरिकेच्या अंतर्गत सुरक्षा खात्याची प्रवाशांच्या तक्रारींसाठी २००७ पासून एक योजना आहे. परदेशी नागरिकालाही ऑनलाइन अर्ज करता येतो, पासपोर्टची प्रत जोडावी लागते, आणि पडताळणीनंतर सात अंकी क्रमांक मिळतो. पुढील प्रत्येक बुकिंगमध्ये तो ठरलेल्या रकान्यात भरायचा. नावाच्या साधर्म्यामुळे होणारा त्रास याने बहुधा थांबतो, यदृच्छेने होणारी निवड थांबत नाही. आपल्या वडिलांना ही अक्षरे एकदाच आली आहेत. पुढच्या प्रवासात पुन्हा आली, तर मगच अर्ज करावा, असे माझे मत आहे. त्याआधी एक काम करावे: तिकिटावरील नाव पासपोर्टवरील नावाशी अक्षरशः जुळते का ते पाहावे. आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशी रीत असल्यामुळे बुकिंग करणारा कधी मधले नाव गाळतो, कधी आडनावाच्या रकान्यात दोन्ही घालतो. पाटील, जाधव, शिंदे, माने अशी आडनावे हजारोंची असतात. मधले नाव आणि जन्मतारीख अचूक असली, तरच संगणकाला एक पाटील दुसऱ्यापासून वेगळा ओळखता येतो.

डिजियात्रा किंवा भारत सरकारची जून २०२४ मध्ये सुरू झालेली जलद इमिग्रेशनची योजना घेतली, तर जादा तपासणीतून सुटका होईल का, असेही आपण विचारले आहे. होणार नाही. पहिलीत चेहऱ्यावरून प्रवेश मिळतो, दुसरीत पासपोर्टची रांग वाचते. सुरक्षा तपासणी दोन्हींत तशीच राहते. इमिग्रेशनच्या खिडकीवर झालेली चौकशी आणि सुरक्षा तपासणी यांचीही लोक गल्लत करतात. २००९ मध्ये शाहरुख खान यांना न्यूअर्कला थांबवले गेले ते उतरल्यावर, इमिग्रेशनमध्ये. तिथले खाते वेगळे आणि प्रश्नही वेगळे.

आईंच्या पुढच्या प्रवासासाठी थोडे लिहितो, कारण त्यांच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया मिरजेत व्हायची आहे असे आपण कळवले आहे. धातूचा सांधा बसवल्यावर धातुशोधक चौकट वाजणारच. ती लोहचुंबकासारखी फक्त लोखंड पकडत नाही. धातूत क्षणभर विद्युतप्रवाह निर्माण करून त्याचा प्रतिसाद ती मोजते, म्हणून कृत्रिम सांधा, सोन्याच्या पाटल्या, चांदीची जोडवी, पुरुषांच्या कमरेचा चांदीचा करगोटा, सगळेच पकडले जाते. डॉक्टरांचे पत्र जवळ ठेवावे, मात्र त्या पत्राने तपासणी माफ होते हा गैरसमज आहे. पत्र कारण समजावते, तपासणी टाळत नाही. हृदयात पेसमेकर असेल तर हातातील धातुशोधक छातीवर धरू नये आणि हाताने तपासावे, अशी विनंती आधीच करावी. व्हीलचेअर मागितली तर ती व्यक्ती चौकटीतून चालत जाऊ शकत नसल्याने हाताने तपासणी होते आणि खुर्चीवरूनही पट्टी फिरवली जाते, हे गृहीत धरावे. परदेशात चौकटीऐवजी उभे राहून हात वर करायचे स्कॅनर असतात. त्यांत साडीच्या निऱ्यांची घडी, कमरेला खोचलेला रुमाल किंवा बटवा एवढ्यानेही खूण उमटते आणि त्या भागाची हाताने तपासणी होते. प्रवासात पंजाबी ड्रेस घातला तर हे बरेच टळते.

भारतात प्रत्येक प्रवाशाला हातातील धातुशोधकाने तपासतात, त्यामुळे आपल्याला त्याचे काही वाटत नाही. परदेशात सगळे सरळ पुढे जातात आणि मोजक्यांनाच बाजूला घेतात, म्हणून तीच कृती अपमानास्पद वाटते. माझ्या अनुभवात लोकांचा खरा राग तपासणीवर नसतो. चारचौघांत एक शब्दही न बोलता बाजूला उभे करणे, चप्पल काढायला लावून दहा मिनिटे कोणी न फिरकणे, ‘कशासाठी’ असे विचारल्यावर ‘प्रोसिजर आहे’ असे तुसडेपणाने सांगणे, यांवर तो असतो, आणि तो योग्य आहे. २०२१ मध्ये कृत्रिम पाय लावणाऱ्या नृत्यांगना सुधा चंद्रन यांनी विमानतळावर दर वेळी पाय काढून दाखवावा लागतो अशी जाहीर व्यथा मांडली, तेव्हा सुरक्षा दलाने त्यांची माफी मागितली. अशा वेळी वेगळ्या खोलीत तपासणी मागण्याचा प्रवाशाला अधिकार आहे आणि स्त्रीची झडती स्त्री कर्मचाऱ्यानेच घ्यायची असते. मात्र तपासणीच नाकारली, तर विमानात चढू दिले जात नाही, तिथे वाद घालून उपयोग नाही. संतापून ‘बॅगेत काय बॉम्ब आहे का?’ असे तर थट्टेतही म्हणू नये. ते वाक्य उच्चारले गेले की समोरच्या कर्मचाऱ्याच्या हातात काही उरत नाही.

वागणुकीची तक्रार करायची असेल तर जागेवर भांडण्याऐवजी गणवेशावरील नाव, वेळ आणि तपासणीच्या रांगेचा किंवा दाराचा क्रमांक टिपून घ्यावा. सुरक्षा क्षेत्रात मोबाईलवर चित्रीकरणाला मनाई असते, त्यामुळे तो मोह टाळावा. विमानतळाच्या टर्मिनल व्यवस्थापकाकडे किंवा नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या एअरसेवा पोर्टलवर त्याच आठवड्यात लेखी तक्रार द्यावी, कारण कॅमेऱ्यांतील चित्रण मर्यादित काळच साठवलेले असते आणि उशीर झाला तर चौकशी करणाऱ्यालाही पाहण्यासारखे काही राहत नाही. शिडीपाशी किंवा बोर्डिंगच्या दारावर घडलेल्या प्रकाराची तक्रार विमान कंपनीकडे करावी, सुरक्षा दलाकडे नव्हे. चुकीच्या दारी गेलेला अर्ज दोन महिने फिरून ‘आमच्या अखत्यारीत नाही’ एवढ्या शेऱ्यासह परत येतो.